सायन्सचा वाटा

विद्यार्थी वसतिगृह
२ जुलै १९५८

सौ. दमयंती वहिनीस,
रोहिदासचा नमस्कार.

गाडी वेळेवर पोचली. खोली मिळाली. खोलीत आम्ही तिघे. दुसरे दोघे गुजराती, दोघांचेही वडील डॉक्टर. मला त्यांची भाषा अजून नीट येत नाही, म्हणून कमी बोलतो.

बाबांना सांगा, प्रवेश झाला, आणि साधा झाला नाही. इथे यंदापासून पाच वर्षांचा नवा अभ्यासक्रम निघाला आहे. सायन्स आणि अर्थशास्त्र दोन्ही बरोबर शिकायचे. शेवटी पदव्या दोन. सकाळी सायन्स, दुपारनंतर अर्थशास्त्र. थोड्याच मुलांना घेतले, त्यात मी आहे. सायन्स म्हणजे पाणी, माती, जीवजंतू हे कसे आहेत ते. अर्थशास्त्र म्हणजे माणसे काय पिकवतात, काय पकडतात, आणि कोणाच्या वाट्याला किती येते ते. दोन्ही येणारी माणसे देशात फार कमी आहेत असे प्राचार्य म्हणाले. फी सरकार भरते. घरचे काही लागणार नाही.

एक सांगायचे आहे. तुम्ही ट्रंकेत सुके बोंबील बांधून दिले होते. इथल्या मेसमध्ये मासळी नसते. वासाचा खोलीतल्या दोघांना त्रास झाला. मी ती पुरचुंडी आधी बाहेर ठेवली, मग माळ्याला दिली. पुढे पाठवू नका. राग मानू नका.

हिरामणदादाला नमस्कार.

रोहिदास


सारसोळे
५ सप्टेंबर १९५८

चि. रोहिदास भावजी यांस,
दमयंतीचे आशीर्वाद.

तुमचे पत्र मामंजींनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतले की आता त्यांना ते पाठ आहे. बंदरावर म्हणून दाखवतात.

पुनवेला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी होड्या डोलीच्या जाळ्यांवर गेल्या आणि पहिली मासळी वाटायला काढली. रीत तुम्हाला ठाऊक आहे. होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, माणशी एक. गावकामाला गेलेल्याचा वाटा तो नसला तरी पडतो. मामंजी पुढे झाले.

"माजा रोहिदास गावकामाला गेलाय. ह्या गावान कोन शिकला नाय त्यो शिकतंय. त्याचा वाटा टाका."

वाटे टाकणारे देवजी तांडेल म्हणाले, "टाकू."

वाटा पडला. मामंजी हलले नाहीत.

"आता काय, दादू?"

"दुसरा."

"दुसरा कंचा?"

"त्यो दोन इद्या शिकतंय. सकाली येक, सांजचे येक."

गोटीराम म्हणाला, "तुजा पोऱ्या दोन ताटान जेवतंय काय?"

सगळे हसले. देवजी हसले नाहीत. ते म्हणाले, जो गडी दिवसाची दोन्ही पाणी सांभाळतो, भरतीलाही डोलीवर आणि ओहोटीलाही, त्याला आपण दोन वाटे देतो. मग ह्याला का नको. तेव्हापासून तुमच्या नावाचे दोन वाटे पडतात. एक सायन्सचा, एक अर्थाचा. तसेच म्हणतात. काल कोळंबी कमी होती, चिखलातले निवटेच जास्त, तर गोटीराम म्हणाला, "अर्थान आज निस्ती निवटीच हाय."

त्याच दिवशी पुतळाबाईचा वाटा बंद झाला. तिचा नवरा कान्हा खाडीत बुडाला त्याला वर्ष झाले. मेलेल्याचा वाटा एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत, ही पण रीतच. पण तिला आधी कोणी सांगितले नव्हते. ती पाटी घेऊन आली होती. उभी राहिली, आणि रिकामी पाटी डोक्यावर ठेवून गेली.

बोंबील माळ्याला दिलेत ते बरे केलेत. त्याने खाल्ले असतील.

दमयंती


विद्यार्थी वसतिगृह
२० नोव्हेंबर १९५८

सौ. वहिनीस नमस्कार.

वाट्यांचे वाचून मला लाज वाटली. पत्र मी पुस्तकात घालून ठेवले होते, ते काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवले.

बाबांना सांगा, हे गावकाम नाही. मी बाकावर बसतो, पंख्याखाली. पावसात डोल ओढणाऱ्या माणसाच्या बरोबरीने माझा वाटा पडावा हे योग्य नाही, आणि दोन तर नाहीच. दोन विषय शिकणे म्हणजे दोन माणसांचे काम नव्हे. एकच माणूस असतो. दोन्हीकडे अर्धा अर्धा असतो. वाटे बंद करायला सांगा.

अर्थशास्त्र मला आवडते. सायन्सचे प्रात्यक्षिक आठवड्यातून दोनदा असते. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

रोहिदास


सारसोळे
९ फेब्रुवारी १९५९

चि. रोहिदास भावजी,
आशीर्वाद.

तुमचे म्हणणे मी मामंजींना सांगितले. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहिते.

"त्याला लिव. वाटा टाकायचा का नाय ते ज्याचा वाटा हाय त्यो ठरवत नाय. बंदर ठरवतंय. काम पुरा झाला का थांबल. त्यानं काम करावा."

आणखी एक लिहायला सांगितले. अंधाऱ्या पाखात कधी कधी खाडीचे पाणी पेटते. वल्हे मारले की निळा उजेड फुटतो, जाळे ओढले की जाळेभर आग. त्यांच्या बापाला ठाऊक नव्हते ते का होते, त्यांना ठाऊक नाही. "सायन्सला इचार," म्हणाले. मग थांबून म्हणाले, "अर्थाला नको. त्याला काय कलनार?"

उत्तराची वाट बघत आहेत. रोज विचारतात.

दमयंती


विद्यार्थी वसतिगृह
१६ मार्च १९५९

सौ. वहिनीस नमस्कार.

बाबांचा प्रश्न चांगला आहे. खाडीच्या पाण्यात मीठ असते आणि फॉस्फरस नावाचे द्रव्य असते. काडीपेटीच्या कडेला असते तेच. वल्हे घासले की काडी ओढल्यासारखे ते पेटते. हे आम्हाला शिकवले आहे.

दोन्हीकडचा अभ्यास बरा चालला आहे. सुटीत येता येणार नाही. जादा तास आहेत.

रोहिदास


सारसोळे
७ सप्टेंबर १९५९

चि. रोहिदास भावजी,
आशीर्वाद.

मार्चनंतर तुमचे पत्र नाही. निकाल काय लागला ते तुम्ही कळवले नाही. मामंजी गृहीत धरून चालले आहेत.

काडीपेटीचे त्यांनी बंदरावर सांगितले, नेरूळला जाऊन सांगितले, बेलापूरच्या बाजारात तर एका मास्तरांना उभे करून सांगितले. "मीठ आनि फास्परस. घासला का पेटला. माजे पोऱ्यानं लिवलाय." मास्तर नुसते हसले. बंदरावरची पोरे आता पाणी पेटवायला मुद्दाम वल्हे आपटतात आणि हिरामणच्या शिव्या खातात.

यंदा मासळी कमी आहे. वाटे लहान पडतात. देवजींनी पुनवेला विचारले, दादू, अजून दोन्ही चालू आहेत ना? मामंजी म्हणाले, चालू. तेव्हा दोन्ही पडले. गोटीराम यंदा हसला नाही. त्याच्या घरात खाणारी तोंडे वाढली आहेत.

निकाल कळवा. मी विचारते आहे, मामंजी नाही.

दमयंती


विद्यार्थी वसतिगृह
४ ऑक्टोबर १९५९

वहिनी,

सायन्समध्ये मी नापास झालो. दोन पदव्यांच्या अभ्यासक्रमातून माझे नाव काढले. आता मी फक्त अर्थशास्त्र शिकतो. हे एप्रिलपासूनचे आहे.

कसे झाले ते लिहितो. तुम्ही समजू शकाल, किंवा तुम्हालाच सर्वांत कमी समजेल.

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला मुशी उघडायला दिली. आपली खाडीतली मुशी, पुस्तकात जिला शार्क म्हणतात ती. मुलांना ती धरता येईना, हातातून निसटत होती. मी पोटाकडून सुरी घातली आणि आई उघडायची तशी एका ओढीत उघडली. सर बघत होते. ते म्हणाले, सगळ्यांनी इकडे या, हा कसे करतो ते पाहा. त्यांच्या मनात कौतुकच होते. मुले गोळा झाली. मागून एक जण म्हणाला, माछी आहे तो, त्याला येणारच. माछी म्हणजे इथे कोळी. दुसऱ्याने विचारले, रस्सा कधी? सगळे हसले. माझ्या खोलीतले दोघेही.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम वाईट कापले. सरांना नवल वाटले. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वाईट. मग जाणे सोडले. वर्गात मला जे सगळ्यांपेक्षा चांगले येत होते, त्यात मी नापास झालो.

पाणी पेटण्याचे मी तुम्हाला लिहिले ते मला कोणी शिकवले नव्हते. तेव्हा मी तासाला जातच नव्हतो. ते मी बनवले.

बाबांना सांगा. निदान सायन्सचा वाटा थांबवायला सांगा.

रोहिदास


सारसोळे
२ नोव्हेंबर १९५९

रोहिदास भावजी,

तुमचे पत्र मी मामंजींना वाचून दाखवले नाही. तब्येत बरी आहे, अभ्यास चालू आहे, एवढे म्हटले. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारले, एवढंच लिवायला दोन पानं लागली? मी म्हटले, अक्षर मोठे आहे.

का सांगितले नाही ते आता लिहिते.

सायन्सचा वाटा या घरात कधी आलेला नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मासळी विकायला मी बेलापूरला निघते तेव्हा वाट पुतळाबाईच्या दारावरून जाते. तेवढा वाटा मी तिच्या पाटीत ओतते. तिला वाटते मामंजींनी सांगितले आहे. मामंजींना वाटते मी विकते. मी दोघांनाही काही बोललेली नाही. मागच्या वर्षी ती रिकामी पाटी घेऊन गेली ते मी पाहिले होते आणि त्याच दिवशी माझा हात आपोआप तिकडे वळला. नंतर थांबवता आला नाही. ही सासरच्या घरातली चोरी आहे. हिरामणनासुद्धा ठाऊक नाही.

तुम्ही खरे बोललात तर तो वाटा थांबेल आणि ती मिठागराच्या बांधावर मातीकामाला जाईल. तिची धाकटी अजून अंगावर पिते.

म्हणून तुम्ही खोटे राहा. मी पण राहते.

मुशीचे वाचले. सासूबाईंनी मलाही तशीच शिकवली, एका ओढीत. मला ती येते याची मला कधी लाज वाटली नाही. पण माझ्याकडे बघून कोणी हसलेही नाही, तेव्हा मी काय बोलणार.

दमयंती


विद्यार्थी वसतिगृह
१८ जानेवारी १९६०

वहिनी,

तुमचे ऐकतो. कोणाला काही लिहीत नाही.

पण तुम्ही सांगितलेत ते बरे झाले की वाईट, ते मला कळत नाही. आधी मी एका गोष्टीसाठी खोटा होतो. आता पुतळाबाईंच्या मुलांसाठीही मला खोटे राहायचे आहे, आणि गोटीरामच्या मुलांच्या तोंडचे काढून. अर्थशास्त्राच्या तासाला सध्या वाटपावरच शिकवतात. मी मान खाली घालून लिहून घेतो.

पुनवेला येतो. तेव्हा काय करायचे ते ठरवू.

रोहिदास


सारसोळे
१२ सप्टेंबर १९६०

रोहिदास भावजी,

ठरवू, असे तुम्ही लिहिले होते. ठरवलेत तुम्ही एकट्याने. मला बंदरावर कळले, बाकी सगळ्यांबरोबर. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही निघून गेलात. मागे काय झाले ते तुम्हाला कळायला हवे म्हणून लिहिते.

तुम्ही सगळ्यांसमोर नापास झाल्याचे सांगितलेत तेव्हा देवजींनी सायन्सचा वाटा उचलून सगळ्यांच्या वाट्यांत थोडा थोडा टाकला, ते तुम्ही पाहिले. गोटीरामच्या वाट्यातही टाकला. त्याने तो नको म्हटले नाही, पण तोंड फिरवले. मामंजी घरापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आले.

तुम्ही गेलात त्या दिवशी पुतळाबाई दारात आली. तिला अजून कोणी सांगितले नव्हते. तिला कोणीच कधी आधी सांगत नाही. मामंजी ओटीवर जाळे शिवत होते.

"बाय, आज सायन्सचा नाय आला?"

मामंजींनी वर पाहिले. "कंचा सायन्सचा?"

मग मला सगळे सांगावे लागले, दोघांच्या मध्ये उभे राहून. मामंजींनी हातातले जाळे खाली ठेवले. पुतळाबाई म्हणाली, "मी भीक मागतला नव्हता. मना वाटला घरच्यांनी मनानं दिलेला हाय." तिने पाटी पालथी करून झटकली. तिच्यात काही नव्हते. आता ती बांधावर मातीकामाला जाते. धाकटीला बांधावरच झोपवते.

मामंजी बंदरावर येत नाहीत. त्यांचा वाटा हिरामण आणतात. अर्थाचा वाटाही त्यांनी बंद करायला लावला. देवजी म्हणाले, तो विषय तर चालू आहे. मामंजी म्हणाले, "त्यो बी नको." हिरामण माझ्याशी कामापुरते बोलतात.

तुम्हाला हलके वाटले असेल. तुम्ही टाकले ते इथे वाटून घेतले आहे. माणशी एक.

दमयंती


विद्यार्थी वसतिगृह
२४ जुलै १९६१

वहिनी,

इतके दिवस लिहिले नाही. लिहायला तोंड नव्हते. आजही नाही, पण सांगण्यासारखे थोडे आहे.

प्राचार्यांना जाऊन भेटलो. दोन पदव्यांच्या अभ्यासक्रमात परत घेता येणार नाही म्हणाले. पण सायन्स वेगळे, पहिल्या वर्षापासून, सकाळच्या वर्गात करता येईल. अर्थशास्त्राचे शेवटचे वर्ष दुपारी चालूच राहील. जूनपासून तसे करतो आहे. वर्गातली मुले माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहेत. मला काका म्हणतात.

परवा मुशी होती. सर तेच. त्यांनी मला ओळखले आणि काही न बोलता सुरी पुढे केली. मी उघडली, एका ओढीत. मुले हसली. माझा हात थांबला नाही. त्यांचे हसणे थांबले असे नाही. थांबले नाही तरी कापता येते, एवढेच मला तेव्हा कळायला हवे होते.

आणि पाण्याचे. मी सरांना विचारले. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. ते मीठ नाही, फॉस्फरसही नाही. ते जीव आहेत, नुसत्या डोळ्याला न दिसण्याइतके बारीक. खाडीत ते असंख्य असतात. पाणी हलले की उजळतात. तो उजेड त्यांचा आहे.

बाबांना हे सांगा, किंवा सांगू नका. माझ्या नावाचा वाटा कोणी टाकू नये. पुतळाबाईंना काय सांगावे ते मला सुचत नाही.

रोहिदास


सारसोळे
३ सप्टेंबर १९६१

रोहिदास भावजी,
आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवले. सगळे, मुशीसकट. मामंजींनी पाण्याचा भाग तेवढा पुन्हा वाचायला लावला.

पुनवेनंतर होड्या आल्या तेव्हा ते बंदरावर आले. वर्षाने. लोकांनी जागा करून दिली. मासळी वाटायच्या आधी ते म्हणाले, "आयका. पानी पेटतंय त्या मिठानं नाय. मी सांगितला व्हता त्यो खोटा. पोरानं मना सांगितला, मी तुमाला सांगितला. त्ये जीव हायेत. बारीक. पानी हालला का पेटतान."

त्यांची मान खाली होती. मग गोटीराम म्हणाला, "मंग त्यांचा बी वाटा टाकायचा काय, दादू?"

हसू फुटले. मामंजीही हसले, थोडे.

देवजींनी विचारले, अर्थाचा टाकू का? मामंजी नको म्हणाले. सगळ्यांचे वाटे पडले, त्यांचाही पडला. ते त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि हाताने त्याचे दोन भाग केले. बोय आणि कोळंबी पलीकडे गेली. अलीकडे बारीक मासळी राहिली.

"ह्यो कोनाचा?" पलीकडचा भाग दाखवून देवजींनी विचारले.

"सायन्सचा."

"पोऱ्या तर नापास जाला."

"परत बसलाय. पयल्यापासून."

"मंग बंदर टाकल. तू कशाला?"

"नाय. ह्यो माज्यातला."

मग तो वाटा तसाच पडून राहिला. मामंजींनी तो उचलला नाही. हिरामणनी माझ्याकडे पाहिले. माझाही हात होईना. कोणी बघत नसताना दोन वर्षे मी तो उचलला होता, सगळे बघत असताना जमले नाही.

पुतळाबाई बांधावरून परत येत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, धाकटी कडेवर. ती थांबली. तिला कोणी हाक मारली नाही. मामंजींनी तिच्याकडे पाहिलेही नाही. ते आपल्या बारीक मासळीकडे बघत बसले.

बराच वेळ ती तिथे उभी होती. मग तिने धाकटीला खाली ठेवले, डोक्यावरची पाटी उतरवली, तिच्यातली माती झटकली आणि भर बंदरावर स्वतःच्या हाताने तो वाटा भरला. बोय, कोळंबी, खाली चिकटलेला जवळासुद्धा खरवडून. काही मागे ठेवले नाही. घाई केली नाही.

तेवढा वेळ सगळे आपापल्या वाट्यात गुंतले होते. कोणी वर पाहिले नाही. मीही नाही.

दमयंती